समुद्रकाठचा धूर

लाफ्रॉइग व्हिस्कीचा पहिला घोट घेणारा माणूस बहुधा दवाखान्याचं नाव काढतो. कुणाला आयोडीन आठवतं, कुणाला नवं कोरं बँडेज, कुणाला रस्त्याकडेला उकळणारं डांबर. मराठी माणसाला फिनाइलने नुकतीच पुसलेली रुग्णालयाची फरशी आठवेल. विशेष म्हणजे या सगळ्या आठवणी रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरतात. फिनाइल मुळात कोळशाच्या डांबरातल्या फिनॉल आणि क्रेसॉल यांच्यापासून बनवलं गेलं. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल त्याच कुळातलं. आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या व्हिस्कीत जो धूर जाणवतो तोही मुख्यतः फिनॉल, क्रेसॉल आणि ग्वायकॉल यांचाच.

१८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीस नावाचा ११ वर्षांचा मुलगा आणला गेला. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं आणि मोडलेलं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. त्या काळी अशी जखम चिघळायचीच. पाय तरी जायचा नाहीतर जीव तरी. तिथले शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. जखम भरली, आणि सहा आठवड्यांनी मुलगा आपल्या दोन्ही पायांवर घरी गेला. कार्बोलिक ॲसिड हे फिनॉलचंच जुनं नाव. पुढे कित्येक दशकं जगभरच्या रुग्णालयांना जो वास चिकटला तो याच रेणूचा. ग्लासगोच्या पश्चिमेला, समुद्रापलीकडच्या आयले बेटावर, लाफ्रॉइगच्या भट्टीत हाच रेणू त्याआधी ५० वर्षं बार्लीच्या दाण्यांवर बसत आला होता.

आयलेच्या व्हिस्कीबद्दल लिहिणारे मात्र दवाखान्यापेक्षा समुद्राचं नाव जास्त घेतात. खारा वारा, ओहोटीला उघडं पडलेलं समुद्रशेवाळ, गोदामाच्या भिंतीवर फुटणाऱ्या लाटा. लाफ्रॉइगची पांढरी गोदामं खरोखरच खडकाळ खाडीच्या काठावर उभी आहेत, त्यामुळे चव समुद्रातून आली असं वाटणं साहजिक आहे. पण चवीचा माग काढत गेलं तर तो जमिनीत जातो, बेटावरच्या दलदलीत. समुद्राने या चवीसाठी पुष्कळ केलं, पण सगळं आडवळणाने. ही आडवळणाची गोष्ट मला बाटलीवर छापलेल्या वर्णनाहून कितीतरी मोलाची वाटते.

आयले हे इनर हेब्रिडीज बेटांपैकी सगळ्यात दक्षिणेचं बेट. वस्ती तीन हजारांच्या आसपास आणि डिस्टिलऱ्या दहाच्या घरात. पश्चिमेकडून अटलांटिकचा वारा असा येतो की उघड्यावर झाड उभं राहणं कठीण. दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट एलन गावातून पूर्वेकडे निघालं की पाच-सहा किलोमीटरांत लाफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या ओळीने लागतात. प्रत्येकीला स्वतःची छोटी खाडी, आणि समुद्राकडच्या पांढऱ्या भिंतीवर भल्यामोठ्या काळ्या अक्षरांत नाव. आज पर्यटक त्या अक्षरांचे फोटो काढतात, पण ती मुळात पाण्यावरून वाचण्यासाठी आहेत. इथे बार्ली, कोळसा आणि रिकामी पिंपं समुद्रावाटे यायची आणि भरलेली पिंपं समुद्रावाटेच जायची. ‘पफर’ नावाची सपाट बुडाची छोटी आगबोट ओहोटीला वाळूवर टेकायची, माल उतरवायची आणि भरतीच्या पाण्याबरोबर निघायची.

डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन हे भाऊ १८१० च्या सुमारास इथे जमीन खंडाने घेऊन गुरं पाळू लागले. चाऱ्यासाठी बार्ली पेरायची आणि उरलेल्या बार्लीची दारू गाळायची, ही त्या भागातली सर्रास रीत होती. गुरांपेक्षा दारूला जास्त पैसे सुटतात हे लवकरच ध्यानात आलं. डिस्टिलरीची स्थापना १८१५ ची धरली जाते. १८३६ मध्ये डोनाल्ड यांनी भावाचा हिस्सा ३५० पौंडांना विकत घेतला. १८४७ मध्ये ते अर्धवट तयार झालेल्या व्हिस्कीच्या हौदात पडले आणि दोन दिवसांनी वारले. मुलगा ड्युगाल्ड लहान होता, म्हणून १८५७ पर्यंत कारभार शेजारच्या लागावुलिनच्या वॉल्टर ग्रॅहम यांनी सांभाळला. ही शेजारधर्माची बाजू. दुसरी बाजू पुढे येईल.

धूर ही आयलेची खासियत सुरुवातीला नव्हतीच. ज्या काळात ही डिस्टिलरी उभी राहिली त्या काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले बहुतेक गाळणारे बार्ली पीटवरच वाळवत, कारण हाताशी तेच जळण होतं. १८६३ मध्ये स्ट्रॅथस्पे रेल्वे सुरू झाली आणि स्पे नदीच्या खोऱ्यात कोळसा, कोक स्वस्तात पोहोचू लागला. कोकला धूर नाही. तिथली व्हिस्की हळूहळू धुरातून सुटली, फळांच्या आणि मधाच्या वासाची झाली, आणि बाजारातही तीच सभ्य मानली जाऊ लागली. आयलेवर कुठली रेल्वे येणार? लाकडाला झाडं नाहीत, बेटावर कोळशाची खाण नाही, बोटीने आणलेला कोळसा महाग. पायाखाली मात्र मैलोन्‌मैल पीट. म्हणून जो वास एकेकाळी सगळीकडे होता तो बेटांवर टिकून राहिला. समुद्राने चवीसाठी केलेलं पहिलं काम हे: त्याने रेल्वे अडवली.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाणी साचलेल्या, आम्लधर्मी जमिनीत प्राणवायू पोहोचत नाही. मेलेली झाडं-झुडपं पूर्ण कुजत नाहीत, एकावर एक साचत जातात. हा थर वर्षाला सरासरी एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे एक मीटर खोल खणलं की माणूस हजार वर्षं मागे गेलेला असतो. त्या थरात कुठल्या वनस्पती गाडल्या गेल्या यावर पुढचा वास ठरतो, आणि इथेच ‘स्थानिक चव’ या शब्दांना रसायनशास्त्राचा खरा आधार मिळतो.

झाडांना ताठपणा देणारं लिग्निन तापलं की फुटतं आणि त्यातून ग्वायकॉल व त्याचे भाऊबंद सुटतात. त्यांचा वास लाकडाच्या शेकोटीसारखा असतो. आयलेच्या पीटमध्ये झाडांचं लाकूड कमी. स्फॅग्नम हे दलदलीतलं मऊ शेवाळ आणि हीदरची झुडपं जास्त. स्फॅग्नममध्ये खरं लिग्निन नसतंच. त्याच्या पेशींच्या भिंतीत अधिक साध्या रचनेचे फिनॉली घटक असतात, आणि ते जळताना साधं फिनॉल आणि क्रेसॉल यांच्याकडे झुकतात. औषधी वास तो हाच. मुख्य भूमीवरच्या पीटच्या धुरात आणि बेटांवरच्या पीटच्या धुरात फरक सापडतो तो अशा कारणांनी. ज्या वाऱ्याने आयलेवर झाडं वाढू दिली नाहीत त्याच वाऱ्याने या व्हिस्कीला दवाखान्याचा वास दिला असं म्हटलं तर ते फारसं चूक होणार नाही.

आता भट्टीत जाऊ. लाफ्रॉइग अजूनही आपल्या गरजेच्या सुमारे १५ ते २० टक्के माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, स्वतःच्या फरशीवर तयार करते. आयलेवर बोमोर आणि किल्खोमन वगळता हे आता कुणी करत नाही. बार्ली पाण्यात भिजवून दगडी इमारतीच्या लांबच लांब फरशीवर पसरतात. दाण्याला मोड फुटायला लागतो तशी त्याची उष्णता वाढते. मुळं एकमेकांत गुंतून गादी होऊ नये म्हणून माणसं लाकडी फावड्यांनी आणि दंताळ्यांनी तो थर दिवसातून अनेकदा उलथत राहतात. साधारण आठवडाभरात दाण्यातली विकरं जागी झालेली असतात; आता ती पिठाची साखर करायला तयार आहेत. याच क्षणी मोड थांबवायचा असतो, नाहीतर साखर रोपटं खाऊन टाकेल. म्हणून ओला दाणा भट्टीच्या जाळीवर जातो, आणि खाली पीट पेटवला जातो.

सगळी कला या पुढच्या काही तासांत आहे. भट्टीत जाताना दाण्यात ओलावा ४० टक्क्यांहून अधिक असतो. धुरातले फिनॉल ओल्या सालीवर चांगले बसतात. दाणा सुकत गेला की त्यांची पकड कमी होत जाते. त्यामुळे आधी उष्णता दिली आणि मग धूर दिला तर धूर फुकट. लाफ्रॉइगमध्ये उलट करतात: आधी पंधरा-सतरा तास कमी आचेवर नुसती धुरी, आणि नंतर स्वच्छ गरम हवेने वाळवणं. पीटही पूर्ण सुकवलेला चालत नाही. सुका पीट भडकतो, आणि ज्वाळेत फिनॉलचे रेणू जळून जातात. ओलसर पीट धुमसतो, गुदमरतो आणि दाट निळसर धूर सोडतो. बेटाच्या मधल्या माखरी दलदलीतला पीट लाफ्रॉइग त्याच कारणासाठी हाताने कापत आली आहे. यंत्राने दाबून काढलेल्या पीटपेक्षा त्यात पाणी जास्त राहतं.

या धुरीनंतर माल्टमध्ये फिनॉल साधारण ४० ते ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४०-५० भाग भरतं. हल्ली व्हिस्कीच्या पेटीवर हा आकडा मिरवला जातो, आणि तो व्हिस्कीचा आकडा आहे असा बहुतेकांचा समज होतो. तो माल्टचा आकडा आहे. दळलेला माल्ट गरम पाण्यात कालवून साखरेचं पाणी काढलं की बरंचसं फिनॉल चोथ्याबरोबर जातं. आंबवल्यावर गाळताना आणखी जातं. पिंपात मुरताना वर्षागणिक आणखी कमी होतं. पेल्यात पोहोचणारं फिनॉल माल्टच्या आकड्याच्या निम्म्याहूनही बरंच कमी असतं. तुलनाच करायची तर लिस्टर यांनी पुढे रूढ केलेलं ५ टक्क्यांचं कार्बोलिकचं पाणी म्हणजे ५०,००० पीपीएम. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात काही व्हिस्की औषध म्हणून विकायला परवानगी होती, आणि हा दवाखान्याचा वासच दाखवून लाफ्रॉइगने ती सवलत पदरात पाडून घेतली असं सांगतात. वास औषधाचा होता हे खरं. औषधाचं प्रमाण नव्हतं. आपल्या नाकाला मात्र एवढंसं पुरतं. ग्वायकॉल पाण्यात अब्जात काही मोजके भाग असलं तरी जाणवतं.

पण फक्त माल्ट धुरकट केला की धुरकट व्हिस्की मिळते असंही नाही. फिनॉलचा उत्कलनबिंदू १८२ अंश सेल्सियस, ग्वायकॉलचा २०५. तांब्याच्या भांड्यातला द्रव मात्र १०० अंशांच्या पुढे जात नाही. मग हे रेणू वर येतात कसे? ते वाफेबरोबर थोडेथोडे ओढले जातात, आणि कधी ओढले जातात हे भांड्यात उरलेल्या अल्कोहोलवर ठरतं. फिनॉलला अल्कोहोलची संगत आवडते. भांड्यात अल्कोहोल भरपूर आहे तोवर तो त्यातच रमतो; अल्कोहोल कमी होऊन पाणी वाढलं की बाहेर पडू लागतो. म्हणून दुसऱ्या गाळणीत आधी फळांसारख्या, गोडसर वासाचे हलके एस्टर येतात आणि धूर शेवटी शेवटी येतो. गाळणारा माणूस या धारेतला मधला भाग ठेवतो. आधीचा आणि नंतरचा भाग पुन्हा भांड्यात घालतो. मधला भाग कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा यावर व्हिस्कीचा स्वभाव ठरतो. लाफ्रॉइगमध्ये सुरुवातीची तब्बल ४५ मिनिटांची धार बाजूला काढतात. बहुतेक ठिकाणी याच्या निम्म्या वेळातच धार धरायला सुरुवात होते. म्हणजे गोड भाग मुद्दाम सोडायचा आणि तेलकट, डांबरी भागापर्यंत थांबायचं. हा निसर्गाचा नव्हे, माणसाचा निर्णय आहे.

याचा उत्तम पुरावा बेटावरच सापडतो. कौल-ईला आणि लागावुलिन या एकाच कंपनीच्या दोन डिस्टिलऱ्या पोर्ट एलनच्या माल्टिंग कारखान्यातून जवळजवळ सारख्याच फिनॉलचा, सुमारे ३५ पीपीएमचा, माल्ट घेतात. कौल-ईलाची भांडी उंच आणि मोठी. तिथला धूर हलका आणि स्वच्छ लागतो. लागावुलिनची भांडी बुटकी, नाशपतीच्या आकाराची, त्यांची नळी एकदम खाली उतरणारी. तिथला धूर जाड आणि भारी. उंच भांड्यात जड वाफ वरपर्यंत न पोहोचता थंड होऊन परत खाली पडते आणि तांब्याला अधिक वेळ घासली जाते. माल्ट तोच, बेट तेच, चव वेगळी.

शेजाऱ्यांच्या भांडणाची गोष्ट याच मुद्द्यावर येते. लागावुलिनचे मालक पीटर मॅकी यांच्याकडे लाफ्रॉइग विकण्याची एजन्सी होती. १९०७ च्या सुमारास ती गेली. संतापलेल्या मॅकी यांच्या माणसांनी लाफ्रॉइगला येणारं पाणी दगड टाकून अडवलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि पाणी पूर्ववत करावं लागलं. मग मॅकी यांनी १९०८ मध्ये लागावुलिनच्याच आवारात ‘माल्ट मिल’ नावाची दुसरी डिस्टिलरी उभी केली. लाफ्रॉइगमधली जाणकार माणसं फोडली, भांडी त्याच घाटाची घडवली, धुरी त्याच पद्धतीने दिली. लाफ्रॉइगची नक्कल करणं हा एकच हेतू. चांगली व्हिस्की तयार झाली, पण लाफ्रॉइग तयार झाली नाही. १९६२ मध्ये माल्ट मिल बंद पडली. दोन ठिकाणांमधलं अंतर जेमतेम दोन किलोमीटर.

यावरून पुष्कळजण स्थानमाहात्म्याचा निष्कर्ष काढतात. मला तो घाईचा वाटतो. माल्ट मिलचं पाणी वेगळं होतं, आंबवण्याची व्यवस्था लागावुलिनबरोबर सामाईक होती, आणि यीस्टसोबत प्रत्येक डिस्टिलरीत आपापले जिवाणू मुक्कामाला असतात. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर फरक कशाने पडला हे सांगता येत नाही. मॅकी यांनी सूडापोटी केलेला हा प्रयोग विज्ञानाच्या दृष्टीने अपुराच राहिला. त्यातून कळतं ते इतकंच की चवीचा वाटा अनेक ठिकाणी विखुरलेला आहे, आणि भांड्याचा घाट चोरला म्हणून ती चोरता येत नाही.

जॉन्स्टन घराण्यातले शेवटचे मालक इयन हंटर १९०८ मध्ये आयलेवर आले. १९२१ मध्ये त्यांनी जमीन कायमची विकत घेतली आणि १९२३ मध्ये भांडी दोनाची चार केली, जुन्या भांड्यांच्या हुबेहूब मापाने. अमेरिकेतली दारूबंदी उठल्यावर बर्बनची वापरलेली पिंपं नियमाने आणवणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते. आतून जाळलेल्या अमेरिकन पांढऱ्या ओकचं पिंप व्हॅनिलाचा गोडवा देतं, त्याची कोळशाची अस्तरं गंधकाचे उग्र वास शोषून घेतात. फिनॉलच्या कडवटपणाला हा गोडवा जोडीला मिळाला, तेव्हा आजची लाफ्रॉइग घडली.

हंटर यांना स्वतःची पद्धत जपायची इतकी काळजी की ते सहजासहजी कुणाला जवळ करत नसत. १९३४ च्या उन्हाळ्यात ऑफिसच्या कामासाठी थोड्या दिवसांच्या बोलीवर एक तरुणी आली: ग्लासगो विद्यापीठाची पदवीधर, शॉर्टहँड-टायपिस्ट, नाव बेसी विल्यमसन. त्या परत गेल्या नाहीत. १९३८ मध्ये हंटर यांना पक्षाघात झाला आणि कारभार हळूहळू बेसींच्या हातात आला. युद्धकाळात लष्कराने इमारतींचा काही भाग साठ्यासाठी घेतला, तेव्हा डिस्टिलरी जपली ती त्यांनी. १९५४ मध्ये हंटर वारले; त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि त्यांनी डिस्टिलरी बेसींच्या नावे केली. विसाव्या शतकात स्कॉच डिस्टिलरीची मालकी आणि कारभार दोन्ही सांभाळणारी एकमेव स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. आयलेची व्हिस्की तेव्हा मुख्यतः दुसऱ्यांच्या मिश्रणात मसाल्यासारखी चिमूटभर पडायची. १९६० च्या दशकात स्कॉच उद्योगाच्या वतीने अमेरिका फिरताना, लोक ती नुसतीच, न मिसळता मागतील हे त्यांनी सांगितलं. भांडवलासाठी त्यांनी टप्प्याटप्प्याने हिस्सा विकला आणि १९७२ मध्ये निवृत्ती घेतली. पुढची मालकांची यादी लांब आहे आणि तिच्यात चवीच्या दृष्टीने फारसं काही नाही; २०१४ पासून डिस्टिलरी जपानच्या सनटोरी समूहाकडे आहे.

राहिला समुद्र. मीठ व्हिस्कीत येतं का? गाळणीतून तर येणार नाही. मीठ वाफेत जात नाही, ते भांड्यातच राहतं. पिंपाच्या लाकडातून प्राणवायू आत झिरपतो, पाणी आणि अल्कोहोल बाहेर झिरपतात. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण पिंपाच्या बाहेरच बसतात. शिवाय कौल-ईलाची ताजी दारू टँकरने मुख्य भूमीवर जाऊन तिथल्या गोदामांत मुरते, तरी ती पिणाऱ्याला समुद्र आठवतोच. माझ्या मते उत्तर आपल्या नाकाच्या सवयीत आहे. समुद्रातल्या मासळीला, कोळंबीला गोड्या पाण्यातल्या मासळीपेक्षा जी वेगळी चव असते तिच्यात ब्रोमोफिनॉल या संयुगांचा मोठा हात असतो. ही म्हणजे ब्रोमीन जोडलेली फिनॉलंच. समुद्रशेवाळ आणि तळातले कृमी ती बनवतात. आयोडीनच्या बाटलीचा वास, बंदराच्या धक्क्याचा डांबरी वास, मासळीचा वास यांच्याशी ओळख असलेलं नाक क्रेसॉल हुंगून ‘समुद्र’ म्हणणार यात नवल नाही.

समुद्र गोदामात मात्र खरं काम करतो. त्याच्यामुळे आयलेचा हिवाळा कडक नाही आणि उन्हाळा तापत नाही; हवा वर्षभर दमट. पिंपातून वर्षाला जेमतेम दोन टक्के उडून जातं. हवेत बाष्प भरपूर असल्यामुळे पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडतं, आणि व्हिस्कीची तीव्रता सावकाश उतरत जाते. म्हणूनच दहा, सोळा, पंचवीस वर्षं मुरवत ठेवणं परवडतं. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही भारतीय सिंगल माल्ट होते. तिथेही दमट हवा आहे, पण उष्णतेमुळे पिंपातली घट स्कॉटलंडच्या कितीतरी पट, आणि मुरण्याचा वेगही तसाच. अरबी समुद्र जवळ असूनही त्यांच्या बिनधुराच्या ‘ब्रिलियन्स’मध्ये आयलेसारखा वास नाही. धुरकट ‘बोल्ड’साठी त्यांना पीट स्कॉटलंडहून आणावा लागतो. समुद्र दोघांकडे आहे, दलदल एकाकडे. चवीचं श्रेय कुणाला द्यायचं हे यावरून पुरेसं कळावं.

आणि ते श्रेय दलदलीला दिलं की तिची जबाबदारीही येते. स्कॉटलंडच्या जमिनीचा पाचवा हिस्सा पीटखाली आहे आणि त्यात देशातल्या सगळ्या झाडांहून अधिक कार्बन साठलेला आहे. पीट कापण्यासाठी चर खणले की पाण्याची पातळी उतरते, हवा आत शिरते आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. जाळलेल्या पीटपलीकडे न जाळलेलाही कार्बन वायू होऊन जायला लागतो. ब्रिटनमध्ये काढल्या जाणाऱ्या पीटपैकी सुमारे एक टक्काच व्हिस्कीसाठी लागतो, बहुतांश बागकामासाठी जातो, असं उद्योग सांगतो. ते खरं असलं तरी बागकामाला नारळाच्या काथ्यासारखे पर्याय आहेत. या चवीला पीटखेरीज पर्याय नाही, त्यामुळे तो सगळ्यात जपून वापरण्याचं कारण व्हिस्कीवाल्यांनाच आहे. सनटोरीने स्कॉटलंडमध्ये पीटभूमी दुरुस्त करण्याचं काम हाती घेतलं आहे, चर बुजवून दलदल पुन्हा ओली करणं हा त्याचा गाभा. ते योग्य आहे. पण लाफ्रॉइगच्या फरशीवरचा हाताने कापलेल्या पीटचा माल्ट पाचव्या हिश्शाच्या आतबाहेर असतो. उरलेला माल्ट बाहेरून, मुख्यतः यंत्राने कापलेल्या पीटच्या धुरीवरून येतो, हेही ग्राहकाला ठाऊक हवं.

कुदळीच्या एका घावात निघणारी वीतभर पीटची वीट साचायला दोनशेहून अधिक वर्षं लागलेली असतात. जी व्हिस्की आपल्या पेटीवर मुरण्याची वर्षं आणि माल्टचे पीपीएम छापते, तिने त्याच्या शेजारी त्या वर्षी किती पीट जाळला आणि किती हेक्टर दलदल पुन्हा ओली केली, हे दोन आकडेही छापले पाहिजेत.